कथानकाच्या ओढीने वाचता येणारे अभिजात साहित्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना जुन्या, नावाजलेल्या कादंबऱ्या परीक्षेसाठी किंवा अभ्यासासाठी नव्हे, तर निखळ करमणुकीसाठी वाचायच्या आहेत, अशा वाचकांकडून नेहमी येणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरे आहेत. पुस्तकांविषयी लिहिताना त्यांतील रहस्ये फुटू नयेत, याची काळजी घेतली आहे.

अभिजात कादंबरी केवळ करमणूक म्हणून वाचणे हा तिच्यावर अन्याय नाही का?

मुळीच नाही. आज ज्यांना आपण अभिजात म्हणून वेगळ्या कपाटात ठेवतो, त्यांतील पुष्कळ कादंबऱ्या त्यांच्या काळात साप्ताहिकांत आणि मासिकांत क्रमशः छापल्या जात होत्या आणि वाचकाला पुढच्या अंकाची वाट पाहायला लावणे हे त्यांच्या लेखकांचे कामच होते. चार्ल्स डिकन्स यांच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात १८६० साली चार्ल्स लीव्हर यांची एक कादंबरी चालू होती. ती वाचकांना रुचेना, खप उतरू लागला, तेव्हा डिकन्स यांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून स्वतःची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ सुरू केली. जिच्यावर आज प्रबंध लिहिले जातात, ती कादंबरी घसरलेला खप सावरण्यासाठी मैदानात उतरली होती, आणि तिच्या पहिल्या पानांवर ते स्पष्ट दिसते. संध्याकाळी कबरस्तानात एक पोरका मुलगा एकटाच उभा आहे. थडग्यांच्या आडून पायात बेडी असलेला एक माणूस अचानक उठतो, मुलाला धरतो आणि उद्या सकाळी कानस व काहीतरी खायला आणून दिले नाहीस तर तुझे काळीज काढीन, अशी धमकी देतो. एवढे वाचल्यावर पुस्तक खाली ठेवणे कठीण जाते आणि लेखकाला नेमके तेच हवे होते. तेव्हा ‘पुढे काय झाले?’ या उत्सुकतेने वाचणारा वाचक त्या पुस्तकाला जसे हवे तसेच वाचत असतो.

एखादी जुनी कादंबरी कथानकप्रधान आहे, हे वाचण्याआधी कसे ओळखावे?

पुस्तकाची कीर्ती या बाबतीत फारशी उपयोगी पडत नाही, कारण एखादी कादंबरी थोर का मानली जाते याची कारणे अनेक असतात आणि वेगवान कथानक हे त्यांपैकी एक असेलच असे नाही. त्याऐवजी पहिली वीस-पंचवीस पाने वाचून स्वतःला विचारावे, की या पुस्तकाने माझ्यापुढे एखादा ठोस प्रश्न ठेवला आहे का? हिरा कोणी चोरला, कैदी सुटेल का, पैज जिंकली जाईल का, त्या बंद खोलीत कोण आहे, हे ठोस प्रश्न झाले. ‘आधुनिक माणसाचे एकाकीपण’ हा विषय झाला; त्याच्या बळावर पाने उलटली जात नाहीत.

दुसरी खूण म्हणजे पुस्तक मुळात हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झाले होते का, हे पाहणे. ही माहिती बहुधा आवृत्तीच्या सुरुवातीलाच दिलेली असते. हप्त्यांतून आलेल्या कादंबरीत पाल्हाळ असू शकतो, मात्र प्रकरणाच्या शेवटी वाचकाला अडकवून ठेवण्याची सवयही असते. तिसरी कसोटी मला सर्वांत भरवशाची वाटते: पुस्तकाच्या साधारण मध्यावरचे एखादे पान उघडावे आणि त्यात कोणी काही करत आहे, बोलत आहे, लपवत आहे की लेखक एकटाच बोलत आहे, हे पाहावे. पहिली पाने सगळेच जपून लिहितात. मधले पान खरा स्वभाव सांगते. त्यासाठी पान वरवर चाळले तरी पुरते, सावकाश वाचले तर एखादे रहस्य उगाच फुटायचे.

अगदी पहिले पुस्तक कोणते घ्यावे?

मी बहुतेकांना रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे ‘ट्रेझर आयलंड’ सुचवीन. ते आधी १८८१-८२ मध्ये मुलांच्या एका नियतकालिकात आले आणि १८८३ साली पुस्तकरूपाने निघाले, परंतु मुलांचे म्हणून ते बाजूला ठेवू नये. त्यात चौतीस लहान प्रकरणे आहेत आणि जवळजवळ प्रत्येक प्रकरणात परिस्थिती बदलते. सफरचंदाच्या पिंपाचा प्रसंगच पाहा. जहाजावर संध्याकाळी जिम हॉकिन्सला सफरचंद खावेसे वाटते. पिंपाच्या तळाशी थोडीच उरलेली असल्यामुळे तो आतच उतरतो आणि लाटांच्या डुलण्याने त्याला पेंग येऊ लागते. एवढ्यात कोणीतरी जड अंगाचा माणूस पिंपाला पाठ टेकून बसतो आणि बोलू लागतो. पुढची काही पाने आपणही जिमसोबत त्या अंधाऱ्या पिंपात श्वास रोखून बसलेलो असतो. कथानक रचणे म्हणजे काय, हे इतक्या थोडक्यात दाखवणारा दुसरा प्रसंग मला चटकन आठवत नाही.

ज्यांना समुद्र आणि चाचे यांचे आकर्षण नाही, त्यांनी आर्थर कॉनन डॉयल यांचे ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ किंवा ज्यूल व्हर्न यांचे ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ घ्यावे. व्हर्न यांच्या कादंबरीत वीस हजार पौंडांची पैज, घड्याळाशी चाललेली शर्यत आणि नायकाला चोर समजून त्याच्या मागे लागलेला गुप्तहेर एवढी सामग्री असल्याने ती रेंगाळूच शकत नाही. एका सुट्टीच्या दिवसात संपेल असे काही हवे असल्यास स्टीव्हन्सन यांचीच डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड यांची १८८६ मधील लघुकादंबरी आहे. तिचे रहस्य आज जगभर ठाऊक असले, तरी ते वकिलाच्या नजरेतून हळूहळू कसे उलगडत जाते, हे वाचताना मजा येते.

रहस्यकथा आवडतात. जुन्या साहित्यात काय वाचावे?

येथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण या प्रकारात विल्की कॉलिन्स नावाचा एक लेखक आहे आणि त्याच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, याचे मला वाईट वाटते. त्याची ‘द वुमन इन व्हाइट’ १८५९-६० मध्ये डिकन्स यांच्याच साप्ताहिकात आली. एक तरुण चित्रकला-शिक्षक उन्हाळ्यातल्या रात्री निर्मनुष्य रस्त्याने लंडनकडे चालला आहे. मागून त्याच्या खांद्यावर हलकेच हात पडतो. वळून पाहतो तो नखशिखान्त पांढऱ्या वेषातली एक बाई उभी. ती कोण, कोठून आली, कोणाला भिते, हे प्रश्न शेकडो पाने आपला पिच्छा सोडत नाहीत. ही कथा कोर्टातील साक्षींप्रमाणे वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून सांगितली आहे. प्रत्येकाला ठाऊक असते तेवढेच तो सांगतो, त्यामुळे वाचक आपोआप तपास करू लागतो. यातील काउंट फॉस्को हा लठ्ठ, गोडबोल्या, पांढरे उंदीर पाळणारा खलनायक आणि त्याच्याशी झुंजणारी मारियन हॅलकम ही बुद्धिमान स्त्री या दोघांसाठी तरी हे पुस्तक वाचावेच.

१८६८ मधील ‘द मूनस्टोन’ अधिक आटोपशीर आणि माझ्या मते अधिक चतुर आहे. श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात एका इंग्रज अधिकाऱ्याने लुटलेला पवित्र हिरा रेचल व्हेरिंडर या तरुणीला अठराव्या वाढदिवशी भेट म्हणून मिळतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो. घरात ताज्या रंगवलेल्या दरवाजावर रंग किंचित पुसला गेलेला असतो. स्थानिक पोलीस अधिकारी ती क्षुल्लक बाब म्हणून सोडून देतो. सार्जंट कफ मात्र तेथेच थांबतो, रंग किती वाजता वाळला असेल याची चौकशी करतो आणि कोणाच्या कपड्याला हा रंग लागला असेल, येथून तपासाला सुरुवात करतो. शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी १८८७ मधली आहे, हे लक्षात घेतले म्हणजे कॉलिन्स काळाच्या किती पुढे होता ते कळते. कादंबरीचा पहिला मोठा भाग बेटरेज हा म्हातारा कारभारी सांगतो. तो सारखा मूळ विषय सोडून भरकटतो, पण इतका लाघवी आहे की त्याचे भरकटणे हवेसे वाटते.

होम्सच्या बाबतीत कादंबऱ्यांपेक्षा लघुकथांपासून सुरुवात करणे चांगले. १८९२ चा बारा कथांचा पहिला संग्रह त्यासाठी पुरेसा आहे.

सूड, साहस, कट-कारस्थाने असलेले मोठे पुस्तक हवे आहे. हजार पानांची भीती वाटत नाही.

मग अलेक्झांडर ड्यूमा यांची ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’. १८४४ ते १८४६ या काळात ती एका फ्रेंच वृत्तपत्रात क्रमशः आली आणि तिची एकूण ११७ प्रकरणे आहेत. फेब्रुवारी १८१५ मध्ये एदमोँ दाँतेस हा एकोणीस वर्षांचा खलाशी मार्सेय बंदरात परततो. त्याला कप्तानपद मिळायचे आहे आणि लग्न ठरले आहे. तीन माणसांचा मत्सर, लोभ आणि स्वार्थ एकत्र येतात आणि साखरपुड्याच्या पंगतीतूनच त्याला अटक होते. येथून तुरुंगवासाच्या अखेरपर्यंतचा भाग कथनाच्या दृष्टीने जवळजवळ निर्दोष आहे.

एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण अनेक जण तेथे पुस्तक सोडतात. तिसाव्या प्रकरणानंतर कथा एकदम इटलीत जाते, दोन नवे तरुण येतात, रोममधील कार्निव्हल आणि दरोडेखोर यांची लांबलचक हकीकत सुरू होते आणि ज्याच्यासाठी आपण वाचत होतो तो माणूस कोठे गेला, हे कळेनासे होते. हा भाग अनावश्यक नाही. पुढे पॅरिसमध्ये जे घडणार आहे त्याची दारे येथेच उघडली जातात. या टप्प्यावर वाचनाचा वेग वाढवावा, पण प्रकरणे गाळू नयेत. पॅरिसमधील पात्रांची नाती गुंतागुंतीची आहेत, म्हणून कोण कोणाचा मुलगा, कोणाचे लग्न कोणाशी ठरले आहे, याची एका कागदावर नोंद ठेवली तर शेवटची चारशे पाने दुप्पट आनंद देतात. एवढे मोठे पुस्तक नको असल्यास ड्यूमा यांचीच ‘द थ्री मस्केटिअर्स’ किंवा अँथनी होप यांची १८९४ मधील छोटी कादंबरी ‘द प्रिझनर ऑफ झेंडा’ घ्यावी.

भयकथा आणि विज्ञानकथा यांपैकी काय आजही वाचनीय आहे?

ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ (१८९७) आजही वाचनीय आहे, फक्त ती एकसंध वेगाने चालत नाही. जोनाथन हार्करच्या रोजनिशीची पहिली चार प्रकरणे अप्रतिम आहेत. चांदण्या रात्री खिडकीतून बाहेर पाहताना किल्ल्याचा मालक भिंतीवरून डोके खाली करून पालीसारखा उतरताना दिसतो, तो क्षण असंख्य चित्रपट पाहिल्यानंतरही अंगावर काटा आणतो. सातव्या प्रकरणातील जहाजाची रोजनिशी ही स्वतंत्र भयकथा म्हणून वाचता येईल. मधल्या भागात मात्र सभ्य माणसे एकमेकांची वारंवार स्तुती करत बसतात. तेथे थोडा धीर धरावा लागतो.

मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) विचारांनी श्रेष्ठ आहे, पण पहिल्याच पानापासून भीती वाटावी अशी अपेक्षा ठेवणाऱ्याची ती निराशा करील. एच. जी. वेल्स यांच्या ‘द टाइम मशीन’ (१८९५), ‘द इन्व्हिजिबल मॅन’ (१८९७) आणि ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (१८९८) या तिन्ही कादंबऱ्या छोट्या, वेगवान आणि निःशंकपणे घेण्याजोग्या आहेत.

प्रेमकथांमध्येही कथानकाची ओढ असते का?

असते, आणि ती साहसकथेतील ओढीपेक्षा कमी नसते. शार्लट ब्राँटी यांची ‘जेन एअर’ (१८४७) ही प्रेमकथा आहे आणि रहस्यकथाही. जेन गव्हर्नेस म्हणून थॉर्नफील्डच्या मोठ्या घरात येते, तिसऱ्या मजल्यावर असताना तिला एक विचित्र, कोरडे हसू ऐकू येते आणि ते नोकराणीचे असल्याचे तिला सांगितले जाते. हे अकराव्या प्रकरणात घडते. त्याआधीची दहा प्रकरणे जेनच्या लहानपणाची आहेत. ती वाचताना मन दुखावते, पण ती वगळली तर पुढे जेन जे निर्णय घेते त्यांचे बळ जाणवत नाही.

जेन ऑस्टिन यांच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) मध्ये घोडदौड नाही आणि बंद खोलीही नाही. तेथे घटना म्हणजे संभाषणे, पत्रे आणि नृत्यसमारंभात कोणी कोणाला टाळले, या गोष्टी. तरीही एकसष्ट प्रकरणांपैकी चौतिसाव्यात येणारा विवाहप्रस्ताव असा काही कोसळतो, की तोवरचे सगळे पुस्तक मनात पुन्हा मांडावे लागते. संवादांतील चुरस ज्यांना आवडते त्यांनी ही कादंबरी लवकर घ्यावी, इतरांनी पाच-सहा पुस्तकांनंतर.

रशियन कादंबऱ्या फार जड असतात, हे खरे का?

सगळ्याच नाहीत. फ्योदोर दस्तयेवस्की यांची ‘गुन्हा आणि शिक्षा’ १८६६ मध्ये ‘रशियन मेसेंजर’ या मासिकात क्रमशः आली. त्याच वर्षी त्याच मासिकात टॉलस्टॉय यांच्या ‘युद्ध आणि शांती’चे सुरुवातीचे भागही येत होते, यावरून त्या वर्गणीदारांच्या भाग्याची कल्पना यावी. खून कोण करणार हे आपल्याला सुरुवातीलाच कळते आणि सहा भागांच्या कादंबरीत खून पहिल्या भागाच्या शेवटी होतो. पुढे प्रश्न एवढाच उरतो, की हा माणूस पकडला जाईल की स्वतःच कोसळेल. खुनानंतर लगेच येणारा प्रसंग मी कोणत्याही आधुनिक थरारकथेच्या बरोबरीने ठेवीन: रास्कोल्निकोव्ह बंद दाराच्या आत कुऱ्हाड घेऊन उभा आहे, बाहेर आलेला माणूस घंटा वाजवून दार जोरजोराने हलवतो आहे आणि आतला आकडा खोबणीत नाचताना रास्कोल्निकोव्ह त्याच्याकडे टक लावून पाहतो आहे. तपास अधिकारी पोर्फिरी पेत्रोविच याच्याशी होणाऱ्या तीन भेटी म्हणजे मांजर-उंदराचा खेळ आहे.

खरी अडचण नावांची असते. एकाच माणसाला कोणी रोदिऑन रोमानोविच म्हणतो, कोणी रास्कोल्निकोव्ह, तर आई रोद्या. यांतील मधले नाव वडिलांच्या नावावरून आलेले असते, आणि स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाची सवय असलेल्या मराठी वाचकाला ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही. पात्रांची यादी पुस्तकात नसेल तर पहिल्या पन्नास पानांत स्वतः करावी.

कोणती प्रसिद्ध पुस्तके सुरुवातीला टाळावीत?

व्हिक्टर ह्यूगो यांची ‘ले मिझराब्ल’ (१८६२) आणि हर्मन मेलव्हिल यांची ‘मोबी डिक’ (१८५१) ही दोन नावे मी प्रथम घेईन, आणि दोन्ही पुस्तकांवर माझे प्रेम आहे म्हणूनच घेईन. जाँ वाल्जाँ आणि त्याचा पाठलाग करणारा पोलीस अधिकारी जावेर यांची कथा पकड घेणारी आहे, पण दुसऱ्या भागाच्या आरंभी ह्यूगो वॉटर्लूच्या लढाईचे वर्णन करण्यासाठी तब्बल एकोणीस प्रकरणे खर्च करतात आणि मुख्य कथेशी त्यांचा धागा जुळतो तो शेवटच्या प्रकरणात. ‘मोबी डिक’च्या १३५ प्रकरणांपैकी बाविसाव्यात जहाज बंदरातून निघते आणि दहा प्रकरणांनंतर देवमाशांच्या जातींचे वर्गीकरण सुरू होते. हे दोष नव्हेत. त्या लेखकांना कथेपेक्षा मोठे काहीतरी साधायचे होते. मात्र कथेच्या ओढीने आलेल्या नव्या वाचकाची तेथे फसगत होते आणि तो सगळ्याच जुन्या साहित्याला कंटाळवाणे ठरवून मोकळा होतो.

संक्षिप्त आवृत्ती वाचली तर चालते का?

पुस्तकावर अवलंबून आहे. ‘ले मिझराब्ल’सारख्या कादंबरीची जाणकार संपादकाने केलेली संक्षिप्त आवृत्ती समाधान देऊ शकते, कारण तेथे कथा आणि विवेचन वेगळे करता येतात. रहस्यकथांच्या बाबतीत मी संक्षेपाच्या पूर्ण विरोधात आहे. ‘द मूनस्टोन’मधील पुसलेला रंग जसा क्षुल्लक वाटतो, तसे पुष्कळ तपशील क्षुल्लक वाटतात, आणि संक्षेप करणारा नेमके तेच उचलून बाहेर टाकतो. मुलांसाठीच्या शंभर-सव्वाशे पानी आवृत्त्यांमध्ये घटनांची यादी तेवढी उरते. आवृत्ती संक्षिप्त आहे की पूर्ण, हे मुखपृष्ठावर नेहमीच लिहिलेले नसते. पृष्ठसंख्या आणि प्रकरणांची संख्या पूर्ण आवृत्तीशी ताडून पाहावी.

अनुवाद निवडताना काय पाहावे?

मूळ पुस्तक इंग्रजी असेल आणि जुन्या इंग्रजीचा वेग जमत नसेल, तर चांगला मराठी अनुवाद बेलाशक घ्यावा. कथानकाची ओढ उत्तम अनुवादात टिकते, ही या प्रकारच्या साहित्याची मोठी सोय आहे. भा. रा. भागवत यांनी ज्यूल व्हर्न यांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, त्या अनेकांच्या वाचनाची सुरुवात ठरल्या. पुस्तक अनुवाद आहे, रूपांतर आहे की संक्षिप्त अनुवाद आहे, हे मात्र घेण्यापूर्वी पाहावे, कारण रूपांतरात प्रसंग, नावे आणि क्वचित शेवटही बदललेला असतो.

फ्रेंच किंवा रशियन पुस्तक इंग्रजीतून वाचायचे असल्यास अनुवादाचे साल पाहणे अगत्याचे आहे. ‘मॉन्टे क्रिस्टो’च्या १८४६ मधील इंग्रजी अनुवादात त्या काळी अनुचित वाटणारे उल्लेख सौम्य केले किंवा गाळले गेले, आणि तोच मजकूर आजही अनेक स्वस्त आवृत्त्यांतून फिरतो. १९९६ साली आलेला रॉबिन बस यांचा अनुवाद पूर्ण आणि सुलभ आहे. व्हर्न यांच्या ‘समुद्राखालील वीस हजार लीग’च्या पहिल्या इंग्रजी अनुवादातही बराच मजकूर गाळलेला होता.

पुस्तकाच्या सुरुवातीची प्रस्तावना आधी वाचावी का?

वाचू नये. अभ्यासकांच्या प्रस्तावना बहुधा असे गृहीत धरतात की वाचकाला कथा ठाऊक आहे, आणि तिसऱ्याच परिच्छेदात शेवट सांगून टाकतात. कथेसाठी वाचणाऱ्याने थेट पहिल्या प्रकरणावर जावे आणि प्रस्तावना शेवटी वाचावी. तेव्हा ती खरोखर रुचते. मागच्या मलपृष्ठावरील मजकूर आणि तळटीपा यांच्या बाबतीतही सावध राहावे.

शेवट आधीच ठाऊक असेल, किंवा चित्रपट पाहिलेला असेल, तर?

पुष्कळदा शेवट ठाऊक असल्याचा केवळ समज असतो. चित्रपटांनी जुन्या कथा इतक्या बदलल्या आहेत, की ‘फ्रँकेन्स्टाइन’मधील तो जीव अस्खलित बोलतो आणि पुस्तके वाचतो, हे कळल्यावर वाचक चकित होतात. ‘मॉन्टे क्रिस्टो’चा शेवटही पडद्यावर अनेकदा वेगळाच दाखवला गेला आहे. जेथे शेवट खरोखर माहीत आहे, तेथे ‘काय’ऐवजी ‘कसे’ या प्रश्नावर उत्सुकता टिकते आणि चांगल्या रचनेच्या कादंबरीत ती पुरेशी ठरते.

रटाळ भाग वगळले तर काही बिघडते का, आणि पुस्तक अर्धवट सोडावे का?

निसर्गवर्णने, वंशावळी, तत्कालीन राजकारणावरील भाष्य आणि व्हर्न यांच्या समुद्रकथेतील माशांच्या याद्या यांवरून नजर झरझर फिरवायला हरकत नाही. संवाद आणि पत्रे मात्र वगळू नयेत, कारण जुने लेखक महत्त्वाच्या गोष्टी तेथेच पेरून ठेवतात. पुस्तक सोडण्याविषयी माझे मत असे आहे, की एकूण पानांचा पाचवा भाग वाचूनही कोणाचे काय होणार याची काळजी वाटत नसेल, तर ते बिनदिक्कत बाजूला ठेवावे. आज न आवडलेले पुस्तक दहा वर्षांनी आवडू शकते. जबरदस्तीने संपवलेले पुस्तक सहसा पुन्हा हातात घेतले जात नाही.

ही पुस्तके मोफत आणि कायदेशीर मार्गाने मिळतात का?

बहुतेक मूळ पुस्तकांचे स्वामित्वहक्क संपलेले आहेत. १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वर ती वाचायला मिळतात आणि २००५ पासून ‘लिब्रिव्हॉक्स’वर स्वयंसेवकांनी वाचलेली ध्वनिमुद्रणे ऐकायला मिळतात. वाचकाचा आवाज आवडतो की नाही, हे पहिल्या प्रकरणातच ठरवावे. मूळ पुस्तक मुक्त असले तरी त्याचा नवा अनुवाद हक्कांच्या कक्षेत असतो, त्यामुळे मोफत मिळणारा अनुवाद बहुधा जुना असतो.

फार प्राचीन साहित्यातही असे कथानक सापडते का?

सापडते. होमरच्या ‘ओडिसी’त पहिले चार सर्ग नायकाच्या मुलाचे आहेत, नायक पाचव्यात येतो आणि एकाक्ष राक्षसाची प्रसिद्ध कथा नवव्यात आहे, फक्त साहसे हवी असल्यास पाचव्या सर्गापासून सुरुवात करून नंतर मागे येता येईल. संस्कृतात शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ हे दहा अंकी नाटक कथानकाच्या दृष्टीने विलक्षण आहे: ठेव म्हणून ठेवलेले दागिने, घरफोडी, गाड्यांची अदलाबदल, खोटा आरोप आणि पार्श्वभूमीला राजसत्ता उलथवण्याचा कट. तिसऱ्या अंकात शर्विलक रात्री भिंत फोडायला येतो, भोक कोणत्या आकाराचे पाडावे याचा शास्त्रोक्त विचार करतो आणि मोजायचा दोरा विसरल्याचे लक्षात येताच गळ्यातले जानवे काढून त्यानेच माप घेतो. एवढा जिवंत चोर साहित्यात क्वचितच भेटतो. दंडीचे ‘दशकुमारचरित’ही चांगल्या अनुवादात वाचून पाहावे.

जुन्या पुस्तकांतील काही विचार आज खटकतात. त्याचे काय करावे?

खटकणे स्वाभाविक आहे. कॉनन डॉयल यांच्या ‘द साइन ऑफ फोर’मधील अंदमानी माणसाचे चित्रण अपमानास्पद आहे आणि रायडर हॅगर्ड यांच्या ‘किंग सॉलोमन्स माइन्स’मध्ये वसाहतवादी दृष्टी पानोपानी दिसते. अशी जागा आली की ती ओळखावी, आणि तेवढ्याने सगळी गंमत जात असेल तर दुसरे पुस्तक घ्यावे. निवड भरपूर आहे. ‘द मूनस्टोन’कडे मी पुन्हा लक्ष वेधीन, कारण तो हिरा मुळात लुटीचा होता, हे ती कादंबरी शेवटपर्यंत विसरत नाही.

एक पुस्तक आवडले की पुढचे कसे निवडावे?

त्याच लेखकाचे दुसरे पुस्तक लगेच घेण्यापेक्षा, आवडले ते नेमके काय, याचा विचार करून निवडावे. ‘ट्रेझर आयलंड’मधील मैत्री आणि दगाबाजी आवडली असेल तर ड्यूमा, त्यातील बेट आवडले असेल तर व्हर्न. होम्सची तर्कपद्धती आवडली असेल तर ‘द मूनस्टोन’. होम्सकथांतील धुके आणि अंधार आवडला असेल तर ‘ड्रॅक्युला’. ‘जेन एअर’मधील घराचे गूढ आवडले असेल तर ‘द वुमन इन व्हाइट’, आणि जेनची मानी वृत्ती आवडली असेल तर ऑस्टिन. दोन जाड पुस्तकांच्या मध्ये एखादी लघुकादंबरी किंवा होम्सच्या दोन-चार कथा ठेवल्या तर दम टिकतो. डिकन्स यांच्याकडे परत यायचे असेल, तर ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ (१८५९) ही त्यांच्या आटोपशीर कादंबऱ्यांपैकी एक आहे. तिची पहिली काही प्रकरणे धूसर वाटतील. कथा पॅरिसमधील दारूच्या दुकानात पोहोचली की तिचा वेग वाढतो.